काझामाच्या कप्प्यात

१

सोमवारी नऊला रेडिओच्या तालावर कवायत झाली, सव्वानऊला सगळ्यांनी उभ्याउभ्या साहेबांचं भाषण ऐकलं आणि साडेनऊला नागुमो सायोको गरम कॉफीचा डबा घेऊन आपल्या टेबलाशी बसली. बावीस वर्षं तिचा दिवस असाच सुरू होत होता. निइगातातला फेब्रुवारी, त्यामुळे बाहेर ओला, जड बर्फ पडत होता आणि दाराशी ठेवलेल्या छत्र्यांतून पाणी गळत होतं.

काम म्हणाल तर तिच्या हातचा मळ. नव्या यंत्रावर एका बस कंपनीचा आरक्षणाचा प्रोग्राम बसवायचा होता. असे प्रोग्राम हल्ली कोणी मुळापासून लिहीत नाही. जगभरच्या लोकांनी तयार तुकडे करून ठेवलेले असतात, त्यांना पॅकेजेस म्हणतात. ती गोळा करायला पॅकेज मॅनेजर नावाचा एक हरकाम्या प्रोग्राम असतो. त्याच्या हाती यादी द्यायची. तो यादीतली पॅकेजेस आणतो, त्या पॅकेजेसना आणखी जे लागतं तेही मुकाट्याने आणतो आणि सांगितलेल्या फोल्डरात रचून ठेवतो. इतका गुणी नोकर कंपनीत दुसरा नव्हता.

सगळी मिळून एकशे चाळीस पॅकेजेस यायची होती. मॅनेजर चार मिनिटं घुमला आणि पडद्यावर म्हणाला, सगळं बसवलं. नागुमोने ठरलेलं फोल्डर उघडलं तर ते रिकामं.

“तेराओसान, बघा हो जरा,” ती शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाली. “हा म्हणतो बसवलं, आणि इथे तर चिटपाखरू नाही.”

तेराओ तिच्याहून दहा वर्षांनी लहान, जिभेला हाड नसलेला. “त्यालाच विचारा की. बाबा रे, कुठे नेऊन ठेवलंस?”

तसं विचारायची सोय असते. नागुमोने विचारलं. यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपला एक खासगी कप्पा असतो. मॅनेजरने सगळा माल तसल्याच एका कप्प्यात नेऊन टाकला होता. कप्प्यावर नाव होतं, काझामा.

तेराओने शीळ घातली. “काझामासान! वर पाचव्या मजल्यावर बसून कंटाळले वाटतं. आले खाली फिरायला.”

नागुमो हसली. न हसून चालण्यासारखं नव्हतं. पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. काझामाचं खातं कंपनीने ऑक्टोबरातच पुसलं होतं, आणि हे यंत्र गेल्या गुरुवारी खोक्यातून बाहेर निघालं होतं.

२

ती घाबरली वगैरे नाही. यंत्रं तऱ्हेवाईक वागतात आणि त्यामागे नेहमी कोणाचा तरी आळस असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जुन्या यंत्रावरून कोणीतरी मांडणीची फाइल उचलून आणली असेल, त्यात जुनं नाव राहून गेलं असेल. तिने ती मांडणी ओळ न् ओळ वाचून काढली. काझामाचं नाव कुठेच नव्हतं.

मग अशा वेळी सगळे करतात तेच तिने केलं. कप्पा आतल्या सगळ्यासकट पुसला आणि मॅनेजरला पुन्हा कामाला लावलं. या कंपनीत हात हलवला तरी वहीत लिहावं लागतं. तिने कामाच्या नोंदवहीत लिहिलं: दहा वीस, चुकीचा कप्पा पुसला.

यंत्रांच्या खोलीतून एक गरम पाण्याचा नळ सगळ्या मजल्यांतून वर गेला आहे. तिने बटण दाबलं त्याच क्षणी त्या नळात टक् असा आवाज झाला, कोणी वरून बोटाच्या हाडाने ठोकल्यासारखा. थंडीत नळ वाजतातच.

चार मिनिटांनी पॅकेजेस पुन्हा काझामाच्या कप्प्यात.

संध्याकाळपर्यंत तिने आणखी तीनदा पुसलं. दर वेळी ती आतली पॅकेजेस मोजत होती. पहिल्या खेपेस एकशे एकाहत्तर निघाली होती, म्हणजे एकतीस जास्तीची. मग एकशे पासष्ट, मग एकशे साठ, मग एकशे चोपन्न. कुठून येत होती ते कळेना, पण कमी तर होत होती. साफ होतंय, तिला वाटलं, आणि बरंही वाटलं.

पाचच्या सुमारास होकारी आला. होकारी हा विभागाचा साहेब. नेहमी हसतमुख, आणि त्या हसण्याला सगळे चळाचळा कापत.

“नागुमोसान, शुक्रवारी बाराला बस कंपनीचा तपासनीस येतोय. एक तुकडा जरी कोणाच्या खासगी कप्प्यात सापडला, तरी करार गेला म्हणून समजा.”

“होईल, साहेब.”

“होईल नको. झालं म्हणा.” त्याने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. “नाहीतर पाचव्या मजल्यावर एक खुर्ची रिकामी आहे. हीटरजवळची आहे. थंडीत बरी पडेल तुम्हाला.”

तो हसला, म्हणून सगळे हसले.

३

पाचव्या मजल्यावरच्या खोलीच्या दारावर ‘गुणविकास कक्ष’ अशी पाटी आहे. कंपनी कोणाला काढून टाकत नाही, ते शोभत नाही. नको झालेल्या माणसाला त्या खोलीत बसवतात. टेबलावर संगणक नाही, फोन नाही, फक्त एक वही. तोंड भिंतीकडे. आज मी कंपनीच्या काय उपयोगी पडू शकतो, हे रोज एक पान लिहायचं आणि सहाला घरी जायचं. बहुतेक लोक चार महिन्यांत आपणहून राजीनामा देतात.

काझामा सहावा महिना काढत होता.

त्याला तिथे पाठवलं नागुमोनेच. तसं तिने कोणापाशी कबूल केलं नसतं, पण स्वतःपाशी किती दिवस नाही म्हणणार? सतरा सप्टेंबरला दोघं मिळून एक काम करत होते. चालू यंत्रावरचं काम इथे जोडीने करतात. एक जण छापील कागदावरची पायरी मोठ्याने वाचतो, दुसरा ती करतो आणि झालं म्हणून ओरडतो, मग दोघंही त्या पायरीपुढे खूण करतात. काझामा वाचत होता, नागुमो करत होती. अकराव्या पायरीला तिचं लक्ष दुसरीकडे होतं. न करताच ती झालं म्हणाली आणि खूण केली. सहा तास आरक्षण बंद पडलं आणि म्हातारी माणसं बसथांब्यांवर पावसात ताटकळली.

चौकशीत होकारीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, “अकरावी पायरी त्यांनी वाचलीच नाही.” तिला स्वतःचाच आवाज ऐकून आश्चर्य वाटलं, इतका तो शांत होता.

काझामाने तिच्याकडे पाहिलं. छप्पन्न वर्षांचा, नाकासमोर चालणारा माणूस. तिला हे काम त्यानेच शिकवलं होतं, अगदी पहिल्या दिवसापासून. तो वाद घालेल या भीतीने तिची पाचावर धारण बसली होती. पण त्याने खाली मान घालून माफी मागितली आणि विषय संपला.

४

मंगळवारी तिने कप्प्यातल्या जास्तीच्या पॅकेजेसची नावं पहिल्यांदा नीट वाचली. तोवर ती फक्त मोजत होती.

‘मासा-साफ-करणे’ असं एक नाव तिला मॅनेजरच्या सोमवारच्या नोंदीत दिसलं. ते पहिल्याच पुसण्यात गेलं होतं. आज तिच्यासमोर ‘बुटाची-नाडी’ होतं, ‘धाकटीचं-नाव’ होतं, ‘तोकामाचीचा-रस्ता’ होतं. पॅकेज कोणासाठी आणलं हेही मॅनेजर सांगतो. बस कंपनीच्या एकशे चाळिसांपुढे प्रोग्रामचं नाव होतं. या सगळ्यांपुढे लिहिलं होतं: काझामासाठी.

“हे बघा, कसली नावं ठेवतात लोक,” ती तेराओला म्हणाली.

“त्यात काय? फुकट वाटणाऱ्यांना मान तरी कोण देतो, मग ते अशी हौस भागवून घेतात. परवा मी ‘सासूबाई’ नावाचं बसवलं. काढता काढता जीव गेला.”

तेही खरंच होतं. असली चित्रविचित्र नावं रोज दिसत. तिने त्यातलं ‘धाकटीचं-नाव’ उघडून पाहिलं. आत एक मजकूर होता, एकच शब्द, ‘मिनोरी’. त्याची आवृत्ती एकोणिसावी होती आणि ती गेल्या जूनमध्ये बदललेली होती. कोणाच्या तरी मुलीचं वय असावं इतकी ती आवृत्ती होती, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला तो आवडला नाही. तिने फोल्डर मिटलं.

अकरा पाच, चुकीचा कप्पा पुसला. नळ वाजला. दोन चाळीस, पुसला. नळ वाजला. चार दहा, पुसला.

चार दहाला तिने कानांत बोळे घातले होते, तरी तिला तो आवाज आला.

५

बुधवारी दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“मी काझामाची बायको बोलतेय. तुमच्या कामात व्यत्यय आणला, माफ करा हं. यांच्या तोंडी नेहमी तुमचं नाव असतं, म्हणून तुम्हालाच केला.”

नागुमोने फोन दुसऱ्या कानाला लावला. “बोला ना.”

“हल्ली फार काम पडतं का हो त्यांना? ते म्हणतात नवं यंत्र आलंय, तुम्ही दोघं मिळून बसवताय.” बाई हसली, लाजल्यासारखी. “तक्रार नाही हं माझी. पण सोमवारी मी मासा आणला. पस्तीस वर्षं घरात मासा तेच साफ करतात, मला जमतच नाही. तर सुरी हातात घेऊन उभे राहिले ते उभेच. मला वाटलं चेष्टा करतायत. काल धाकटीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. शेवटी ‘ए मुली’ म्हणाले. ती रडायलाच लागली हो, एवढी घोडी झाली तरी. आणि आज सकाळी बुटाची नाडी मी बांधून दिली.”

नागुमोने टेबलाची कड घट्ट धरली. तिच्यासमोर नोंदवही उघडी होती.

“डॉक्टरांकडे न्या,” ती म्हणाली.

“न्यायचंच आहे. रविवारी. पण कामामुळे असेल ना? सांगा ना तुम्ही, असेल ना?”

“मार्च जवळ आलाय,” नागुमो म्हणाली. “वर्षअखेरीचं काम. दमत असतील.”

“हो ना? मीही तेच म्हटलं. तुमची मदत आहे म्हणून मला घोर नाही.”

फोन ठेवल्यावर नागुमोने नोंदवही मिटली. छप्पन्न वर्षांचा माणूस सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसला तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील का? विसरेलच तो. नावं विसरेल, नाड्या विसरेल. यात यंत्राचा काय संबंध? आणि एक शब्द जुळला म्हणजे काही सगळं जुळलं असं नाही.

तीन शब्द जुळले होते. ते तिने स्वतःला बजावून सांगितलं, आणि मग त्या दिवशी एकदाच पुसलं, दोनदा नाही.

६

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्याने पाचव्या मजल्यावर गेली. लिफ्टने गेलं तर लोक बघतात.

त्या मजल्यावर गालिचा नाही. तिच्या बुटांचा आवाज तिच्यापुढे पळत गेला. खोलीचं दार उघडंच होतं, इथल्या लोकांना दार लावायची परवानगी नसते. लांबट खोली, पिवळट दिवे, भिंतीला लावलेली पाच टेबलं. गरम पाण्याचा नळ कोपऱ्यातून वर गेला होता आणि त्याला खेटून काझामाचं टेबल होतं. बाकीचे दोघं जेवायला बाहेर गेले होते. हीटर चालू असूनही खोलीत बोटं गारठत होती.

काझामा पाठमोरा बसला होता आणि काहीतरी हळू आवाजात वाचत होता.

“एक. वरची पट्टी खाली ओढा.”

मग शांतता.

“एक. वरची पट्टी खाली ओढा.”

ती जवळ गेली. त्याच्यापुढे कोपऱ्यावरच्या दुकानातली ओनिगिरी होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला भाताचा गोळा. तिचं प्लास्टिक कसं सोडवायचं ते एक, दोन, तीन असे आकडे छापून दाखवलेलं असतं, आणि ते आकडे कोणी वाचत नाही, शाळेतली पोरंही बोलता बोलता उलगडतात. काझामा आकड्यावर बोट ठेवून वाचत होता आणि कोणीतरी ‘झालं’ म्हणायची वाट बघत होता.

नागुमोने हात पुढे केला आणि पट्टी ओढली. “झालं,” ती म्हणाली.

“दोन. उजवा कोपरा बाहेर ओढा.”

“झालं.”

“तीन. डावा कोपरा.” त्याने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. “नागुमोसान! जेवलात की नाही? बसा, बसा. खुर्ची आहे रिकामी.”

ती बसली नाही. “कसे आहात, काझामासान?”

“मजेत. तुम्हाला ओळखलं ना? तुम्ही तळाला आहात, म्हणून राहिलात.” त्याने घास घेतला. “वरवरचं बरंच गेलं.”

टेबलावर वही उघडी होती. वरच्या ओळीत ठरलेलं वाक्य छापलेलं होतं, आज मी कंपनीच्या काय उपयोगी पडू शकतो. खाली काझामाच्या टापटीप अक्षरात फक्त वेळा लिहिल्या होत्या. सोमवार, दहा वीस. सोमवार, बारा पन्नास. तीन पाच. चार पस्तीस. मंगळवार, अकरा पाच. दोन चाळीस. चार दहा. नागुमोला पुढच्या वाचायची गरज नव्हती. तिच्या वहीत त्याच होत्या.

“या कसल्या वेळा?” तिने विचारलं. आवाज तिच्या मनात नसताना बारीक झाला.

“तेव्हा आत कोणीतरी आवरतं.”

“काय आवरतं?”

“ते आठवलं असतं तर तेच नसतं का लिहिलं?” तो हसला, जुन्या चांगल्या दिवसांत हसायचा तसा. “पण व्यवस्थित माणूस आहे. धसमुसळेपणा नाही. थोडं थोडं नेतो, आणि मागे झाडून जातो. मला तर ती कामाची पद्धत ओळखीची वाटते.”

नागुमो एक पाऊल मागे सरली.

“एक विनंती आहे,” काझामा म्हणाला. त्याने ओनिगिरी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून मान लववली, धाकट्या माणसाने वडीलधाऱ्यापुढे लववावी तशी. “तो तुमच्या ओळखीचा असला तर सांगाल? शेवटचे दोन राहू दे म्हणावं. बाकी काही म्हणणं नाही.”

कोणते दोन, हे तिने विचारलं नाही. जिना उतरताना चौथ्या मजल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली.

७

तिने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. गुरुवारची अख्खी दुपार तिने त्या कप्प्याची नक्कल करून दुसरीकडे ठेवायचा प्रयत्न केला. नकलेत दर वेळी नेमकी एकशे चाळीस पॅकेजेस उतरत. काझामासाठीची हलत नव्हती. त्याच्या कप्प्याला कुलूप घालून मॅनेजरला दुसरीकडे वळवलं, तर मॅनेजर कुलपावरून आत गेला. जोवर काझामाचं काहीतरी तिथे शिल्लक होतं तोवर तो तिकडेच जाणार होता.

मग ती होकारीच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, तो कप्पा आहे तसा राहू दिला तर? सोमवारपर्यंत मी काहीतरी...”

“कोणाचा कप्पा?”

“काझामासानचा.”

“त्या नावाचं खातं आहे आपल्याकडे?”

“नाही.”

“मग कप्पा कोणाचा?” होकारीने चष्मा काढून पुसला. “नागुमोसान, तुमचं वय काय? त्रेचाळीस ना? बाहेर कोण घेईल हो तुम्हाला? मला वाईट वाटेल तुम्हाला वर पाठवताना. उद्या मी स्वतः पायऱ्या वाचतो, तुम्ही करा. म्हणजे नंतर कोणी काही वाचलंच नाही असं व्हायला नको.”

तो हसला. त्याला सगळं ठाऊक होतं, सप्टेंबरपासून ठाऊक होतं, हे तिला त्या हसण्यात दिसलं.  तिने त्या रात्री अंथरुणात पाचव्या मजल्यावरची भिंत डोळ्यांसमोर आणून पाहिली. एक दिवस, एक आठवडा, एक वर्ष. तिला ते सहन होण्यासारखं नव्हतं. हे तिने प्रामाणिकपणे तपासून पाहिलं होतं.

शुक्रवारी साडेदहाला दोघं यंत्रांच्या खोलीत गेले. होकारी खड्या आवाजात वाचत होता. आठव्या पायरीला कप्प्यातली पॅकेजेस मोजायची होती.

“एकशे बेचाळीस,” नागुमो म्हणाली.

“दोन कसली जास्त?”

तिने ती पडद्यावर आणली. एकाचं नाव ‘काझामा-कात्सुहिको’ होतं. दुसऱ्याचं ‘सतरा-सप्टेंबर’.

होकारी मागे उभा राहून वाचत होता. त्याचा श्वास तिच्या मानेवर येत होता. 

“आत बघायचं?” नागुमोने विचारलं.

“कशाला?” होकारी हळूच म्हणाला. “नववी पायरी. काझामा नावाचा कप्पा, आतल्या सगळ्यासकट, पुसणे.”

यंत्राने विचारलं, नक्की पुसू?

तिने ‘सतरा-सप्टेंबर’वर नजर ठेवली. आत काय लिहिलंय ते तिला न उघडताही माहीत होतं. ते ज्यांच्यासमोर घडलं अशी माणसं जगात दोनच होती, आणि एकाकडून ते आता जाणार होतं. तिला वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्याच्या खाली, अगदी बुडाशी, तिला सुटल्यासारखं वाटलं. त्याची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटली, तरी ते वाटणं काही थांबलं नाही.

तिने ‘हो’ दाबलं.

“झालं?” होकारी म्हणाला.

“झालं.”

नळ वाजला नाही. ती कान देऊन वाट बघत होती, पण या वेळी तो वाजलाच नाही. चार मिनिटांनी एकशे चाळीस पॅकेजेस ठरलेल्या फोल्डरात, एकाखाली एक, नीट रचलेली होती.

८

तपासनीस पोरसवदा होता आणि फार नम्र होता. त्याने अर्ध्या तासात सगळं पाहिलं, शिक्का मारला आणि एवढं स्वच्छ काम आपण कुठे पाहिलं नाही असं म्हणाला. होकारीने नागुमोकडे हात करून सांगितलं, “सगळं श्रेय यांचं.” मग तिघं लिफ्टने आठव्या मजल्यावरच्या भोजनगृहाकडे निघाले.

लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं.

बाहेर काझामा उभा होता. कोट अंगात, एका बुटाची नाडी सुटलेली. त्याने तिघांना पाहून कमरेत वाकून नमस्कार केला, नव्या माणसाने पहिल्या दिवशी करावा तसा.

“आपली पहिल्यांदाच भेट होतेय,” तो म्हणाला. “माझं नाव...”

तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, त्रास नव्हता. तो नुसता थांबला होता, शेजारचा कोणीतरी आता पुढचं सांगेल अशा विश्वासाने. त्याची नजर होकारीवरून सरकली, तपासनिसावरून सरकली आणि नागुमोवर येऊन थांबली. त्या नजरेत ओळख नव्हती. तिने खूप शोधली.

“बाई, माफ करा,” तो अदबीने म्हणाला. “आपण मला ओळखता का?”

ते नाव तिच्या जिभेवर होतं. काझामा कात्सुहिको. बायको आहे, धाकटी मिनोरी आहे, मासा साफ करतो, तोकामाचीचा रस्ता. सगळं तिच्यापाशी होतं, एकही तुकडा गहाळ नव्हता. एका दमात सांगता आलं असतं. आणि सांगितलं असतं तर हा माणूस कोण, खालच्या यंत्रात त्याच्या नावाचा कप्पा का होता, हे त्या नम्र मुलाने विचारलं असतं.  होकारी फक्त तिच्याकडे बघून हसत होता.

“नाही,” नागुमो म्हणाली.

“असं होय.” काझामाचे खांदे हलके झाले. “मग मीच चुकीच्या इमारतीत आलो असेन. आपल्याला उगीच त्रास झाला.” त्याने पुन्हा वाकून नमस्कार केला. तो मान वर करीपर्यंत तिने दार मिटायचं बटण दाबलं होतं.

“कोण होते ते?” तपासनिसाने विचारलं.

“येतात असे कोणी कोणी वर,” होकारी म्हणाला. “थंडी आहे ना बाहेर.”

आठव्या मजल्यावर त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. खाली रस्त्यावर बर्फ पडत होता आणि बसथांब्यावर सात-आठ माणसं रांगेत उभी होती. डोक्यावर छत्री नसलेला एक माणूस रांगेतल्या पहिल्यापुढे गेला, वाकला, काहीतरी विचारलं. त्या माणसाने मान हलवली. मग तो दुसऱ्यापुढे वाकला. मग तिसऱ्यापुढे.

“नागुमोसान, सूप गार होतंय,” होकारी म्हणाला.

तिने खुर्ची वळवून खिडकीकडे पाठ केली आणि वाडगा उचलला.